गालिच्याच्या कडेने

गालिच्यात एक फूल जास्त होतं. चहाचे कप गोळा करायला समीक्षा वाकली होती, ती तशीच वाकलेली राहिली. मलकापुरातल्या या भाड्याच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये हा गालिचा गेल्या हिवाळ्यापासून अंथरलेला होता आणि त्याची नक्षी तिला पाठ होती. मधोमध मोठं चक्र, त्यातून निघून चारी कोपऱ्यांकडे जाणाऱ्या वेली, वेलींवर अंतराअंतरावर तांबूस तपकिरी फुलं. एक कोपरा नीट पाहिला की उरलेले तीन डोळे मिटून सांगता यावेत अशी ती रचना. एम.एस्सी.ला स्फटिकांवर काम करताना तिच्या डोळ्यांना एक सवय लागली होती. कुठलीही नक्षी दिसली की आरशाची रेघ कुठून जाते ते आधी शोधायचं. स्वयंपाकघराकडच्या कोपऱ्यात, जिथे नुसतीच लाल लोकर असायला हवी होती, तिथे एक फूल होतं. समोरच्या कोपऱ्यात ते नव्हतं. तिला चक्क आनंद झाला. हाताने विणलेल्या गालिच्यात अशा चुका असतात आणि त्या सापडल्या की तिला त्या विणणाऱ्या माणसाच्या शेजारी बसल्यासारखं वाटे. कुणीतरी हाक मारली असेल, त्याने मान वळवली असेल, रंग चुकला असेल. पण इतके महिने आपल्याला हे दिसलं कसं नाही, असा विचार करत असतानाच तिला दुसरं फूल दिसलं, जरा फिकं. मग त्याच्यापुढे तिसरं. ती एका ओळीत होती, आणि ओळ वेलीच्या वळणाने जात नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दारातून निघून सोफ्याकडे येत होती. समीक्षाने पहिल्या फुलावर बोट टेकवलं. लोकर ओली होती, आणि बोटाला चिकटली.

आत आई कप विसळत होती. नळाचा आवाज येत होता, मध्येच भांड्याला भांडं लागत होतं. तिला हाक मारावी असं समीक्षाला वाटलं, पण हाक मारली की जे आहे ते खरं होईल म्हणून ती तिथेच गालिच्यावर बसली. बोटाला लागलेलं लाल आणि लोकरीचं लाल यांत फारसा फरक नव्हता. वाळलं की फरक पडेल. रक्तातल्या लोहाचा रंग हवेने बदलत जातो आणि तपकिरी होतो, या फुलांसारखाच. हे तिला माहीत होतं, आणि माहीत असण्याचा आत्ता काही उपयोग नव्हता.

पाहुणे जाऊन फार वेळ झाला नव्हता. सरकीचा व्यापार असलेले माणिकराव आणि त्यांची बायको आशाबाई यांचा बायपासजवळ नवा बंगला होत होता, आणि त्याच्या आतल्या सजावटीचं काम समीक्षाकडे होतं. हॉलमध्ये गालिचा कसा दिसतो हे चित्रात पाहून कुणालाच कळत नाही, म्हणून ती लोकांना आपल्या घरी बोलवायची. काश्मिरी व्यापारी दर थंडीत गावात येतात, त्यांतल्या एका म्हाताऱ्याकडून तिने हा वापरलेला, जरा विटलेला, पण इराणी धाटणीचा गालिचा घेतला होता. लोक यायचे, काठाशी उभे राहायचे. मग ती समजावून सांगायची. सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर आणि मागचे फरशीवर, म्हणजे खोली एकत्र बांधल्यासारखी वाटते. भिंतीशी हातभर फरशी मोकळी सोडायची, गालिच्याला श्वास घेता आला पाहिजे. पडद्यांचा रंग गालिच्यात सगळ्यात जास्त असलेल्या रंगातून घ्यायचा नाही, सगळ्यात कमी असलेल्या रंगातून घ्यायचा.

"माय बाई, एवढं भारी," आशाबाई म्हणाल्या होत्या, "याच्यावर पोट्टे खेळले तं? आन् याले धुवाचं कसं? मशीनमंधी तं जाईन नाई हे."

माणिकरावांनी कोपरा उचलून मागची बाजू पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, एक इचारू? हे रोज उलटं हातरलं आन् पाव्हणे आले का सुलटं केलं, तं नाई चालत काय?"

"तुमच्या सदऱ्यावानी!" आशाबाई म्हणाल्या. "आठ दिवस सुलटा, आठ दिवस उलटा. हसू नका मॅडम, खरंच घालते हा माणूस."

समीक्षा हसली होती, आणि नेमकी तेव्हाच आई चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. एरवी आई भिंतीच्या कडेने यायची. आज माणिकरावांनी खुर्ची मागे भिंतीला टेकवली होती, वाट उरली नव्हती. आई क्षणभर दारात थांबली, खाली पाहिलं आणि सरळ गालिच्यावर पाऊल टाकलं. मग दुसरं. पावलं जरा रुंद पडत होती, नावेत उभं राहणाऱ्या माणसासारखी. बश्यांमध्ये चहा सांडलेला होता. समीक्षाला ते दिसलं होतं, पण तिच्या मनात वेगळंच चाललं होतं. तिला वाटलं, आली. चैत्रापासून या घरात असलेली आपली आई आज शेवटी गालिच्यावरून चालत आली. आता हे घर तिचंही झालं.

चैत्रात आई आठ दिवसांसाठी म्हणून आली होती. गावी, दुसरबीडला, अंगणात चक्कर येऊन पडली होती, शेजारच्या पुष्पाबाईंनी फोन केला, आणि समीक्षा तिला घेऊन आली. बाबा, म्हणजे महादेवराव, जाऊन चार वर्षं झाली होती, तेव्हापासून आई त्या घरात एकटीच होती. शेत गावातल्या तुळशीरामकडे बटाईने, पिकाच्या वाट्यावर, होतं, पण पेरणीच्या वेळी बांधावर उभं राहायला आईच लागायची. शुगरच्या गोळ्या गावातल्या डॉक्टरकडून सुरू होत्या, त्या ती आठवण आली की घ्यायची. आठ दिवसांचे महिने झाले. आई दर दोन दिवसांनी एकच विषय काढायची, आणि विषय काढताना नेहमी दुसऱ्याच कशाकडे तरी पाहायची. सोयाबीन निघालं, आता हरभऱ्याचं पाहा लागते. तुळशीराम चांगला आहे, पण घाई करते. घराले कुलूप राहिलं का घर रुसते. दसऱ्याच्या आत तिला परत जायचं होतं. आणि समीक्षा दर वेळी म्हणायची, एकदा इथल्या डॉक्टरला दाखवू, तो एकटं राहायला हरकत नाही म्हणाला की मग जा. आई म्हणायची, दाखवू न, काय घाई हाय. घाई तर तिलाच होती. तरीही ती डॉक्टरचा दिवस पुढे ढकलत होती, आणि समीक्षाही ढकलू देत होती, कारण संध्याकाळी कुलूप उघडण्याऐवजी बेल वाजवावी लागते हे तिला आवडायला लागलं होतं.

पहिल्या दिवशी आई गालिच्याच्या काठाशी उभी राहिली होती. वाकून तिने त्याच्यावरून तळहात फिरवला, उलटा, मग सुलटा. "याच्यावर पाय कसा द्याव बाई," ती म्हणाली होती, "कोनाकोनाचे डोये गेले असतीन याच्यापाई." ते वाक्य समीक्षाला इतकं आवडलं की ती ते गिऱ्हाइकांना सांगू लागली. माझी आई अजून यावर पाऊल ठेवत नाही, असं सांगितलं की लोक एकदम हळू बोलायला लागायचे. आणि खरंच, आई त्या दिवसापासून भिंतीच्या कडेने जायची. त्या हातभर मोकळ्या सोडलेल्या फरशीवरून, एक हात भिंतीला लावून, अख्ख्या हॉलला वळसा घालून बाथरूमकडे. भिंतीच्या रंगावरून सरकणारा तो हात समीक्षाने रोज पाहिला होता. रात्री बाथरूमचा दिवा चालू राहायचा, सांगूनही राहायचा. एकदा आईची एक चप्पल हॉलच्या मधोमध पडलेली दिसली होती, आणि आई एकाच पायात चप्पल घालून गॅलरीत तुळशीला पाणी घालत होती. समीक्षा पोट धरून हसली होती. "आई, एक चप्पल कुठाय?" आईने खाली पाहिलं, पायाकडे, मग चेहरा एकदम हसरा केला आणि म्हणाली, "घ्या! म्हातारपनाचे चाये."

निरीक्षणं सगळी होती. गालिच्यावर बसल्या बसल्या ती त्यांना एकामागून एक लावत गेली आणि तिच्या लक्षात येत गेलं की ती दोन प्रकारे लावता येतात. भिंतीला हात लावून चालणारा माणूस गालिच्याचा मान राखत असतो, किंवा त्याला पायाखाली जमीन आहे हे भिंतीकडून कळत असतं. दिवा चालू ठेवणारा माणूस विसराळू असतो, किंवा पाय दिसले नाहीत तर ते कुठे आहेत हे त्याला सांगता येत नाही. मऊ लोकरीवर तर कसलंच काही कळत नसेल, फक्त शरीर डुलत असेल. दोन अनुमानं समोर ठेवून त्यांतलं जे दिसायला सुंदर ते तिने घेतलं होतं. असं करायचं नसतं, हे पहिल्या वर्षी शिकवतात.

आणि हीच आई. समीक्षाला शेतातली आई आठवली, साडी पोटरीपर्यंत खोचलेली, चपला बांधावर काढून ठेवलेल्या. पावसाने उघडीप दिली की रोज सकाळी ती शेतात अनवाणी चार पावलं चालायची. बाबा, तुळशीराम, सगळे बांधावर उभे. आई टाच जराशी दाबायची, थांबायची, आणि म्हणायची, "आज नाई. धरते अजून पायाले." दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि मग एका सकाळी ती काही बोलायचीच नाही, नुसती वळून यायची आणि बाबा पेरणीची तिफण जुंपायला सांगायचे. वापसा झाला, जमीन पेरण्याजोगी सुकली, हे आईच्या चालण्यावरूनच कळायचं. लहानपणी समीक्षानेही तिच्यामागे टाचा दाबत चालून पाहिलं होतं. तिला माती फक्त गार लागायची. मग एकदा तिच्या पायात बाभळीचा काटा गेला होता आणि आईने तिला बांधावर बसवून तिचं पाऊल मांडीवर घेतलं होतं. अंगठ्याने तळवा चाचपत ती विचारत होती, "अठी? अठी लागते? का अठी?" आणि बरोबर जागेवर बोट आलं तेव्हा समीक्षा किंचाळली होती, तर आई खूश होऊन म्हणाली होती, "हां! बोंबलली न, म्हंजे सापडला."

नळ बंद झाला. समीक्षा उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात गेली. आई ओट्याला टेकून उभी होती, कप पुसत होती. तिच्या पायाखालची फरशी पांढरी होती. तिथे काहीही दडत नव्हतं.

"आई, पाय दाखव."

"काऊन?"

"दाखव तर."

"कप पुसू दे, मंग पाहाजो काय पाहाचं ते."

समीक्षाने तिला स्टुलावर बसवलं आणि खाली बसून तिचा उजवा पाय उचलला. चवड्यावर, अंगठ्याच्या मागे, जाड पिवळट कातडी फुटली होती आणि आत काळं काहीतरी होतं. कडेने सूज होती, पाऊल गरम लागत होतं. आईने वाकून पाहिलं. आपल्याच पायाकडे ती अशी पाहत होती, जसं शेजारणीचं लुगडं फाटलेलं दिसावं आणि सांगावं की नाही कळू नये.

"हे कवा झालं?" तिने समीक्षालाच विचारलं.

मागच्या पंधरवड्यात दोन दिवसांसाठी आई दुसरबीडला जाऊन आली होती, सोयाबीनच्या सोंगणीला, कापणीला. शेतात गेली असणार, अनवाणी. तेव्हापासून या घरात भिंतीच्या कडेने ती रोज या पायावर चालत होती.

"तुला कळलं नाही?"

"कयलं न. जराक टोचल्यावानी वाटे." ती खोटं बोलत होती. खोटं बोलताना ती कपाळावरचे केस मागे सारते. "लय मोठं करू नको बाई. हयद भरते, दोन दिवसांत बसते."

रिक्षात आई बराच वेळ बाहेर पाहत होती. कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडला होता, रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि रेल्वे फाटकाकडून उष्ण धूळ येत होती. पायाला बांधलेल्या फडक्यावर एक डाग हळूहळू मोठा होत होता. समीक्षा त्याच्याकडे पाहत होती, आई पाहत नव्हती.

"समे," ती एकदम म्हणाली, "डाक्टर हाव म्हनला तं जाऊ देशीन?"

"कुठे?"

"लंडनले!" आई चिडली. "घरी. दुसरबीडले."

"पाय बरा झाल्यावर. तो म्हणाला की एकटी राहायला हरकत नाही, तर जा."

"शप्पथ?"

"आई, लहान आहे का मी?"

"मंग मी लहान हाओ काय?" आई म्हणाली आणि पुन्हा बाहेर पाहू लागली. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "तुह्या घरात वाईट वाटते असं नाई हो बाई. पन तठी मी उठली का मले माहीत असते काय कराचं."

डॉक्टर तरुण होता. त्याने आईला मावशी म्हटलं, टेबलावर झोपवलं, दिवा ओढून घेतला. समीक्षा उशाशी उभी राहिली. आईने तिचा हात धरला होता, आता सुई टोचणार या धास्तीने नाही, तर बाजारात पोरीचा हात धरावा तसा, सवयीने. डॉक्टरने कातडी कापून आत चिमटा घातला. चिमट्यात काळा काटा आला, बाभळीचा, नखाएवढा. त्याच्यामागून पू आला.

"दुखतंय का मावशी?"

"नाई बापा. काईच नाई." आईने मान वर करून समीक्षाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत अभिमान होता. पाहिलंस, मी हू की चू केलं नाही.

"दुखायला पाहिजे होतं," डॉक्टर म्हणाला. तो जखम धूत होता, मान खालीच होती. "एवढं खोल गेलेलं. शुगरने पाय बधिर होतो. तुम्हाला कळलंच नाही, हेच वाईट आहे. घरी कोण असतं?"

आईच्या हाताचं वजन बदललं. समीक्षाला ते जाणवलं. आपण उलटं उत्तर दिलं हे आईला त्या क्षणी कळलं होतं. उत्तर देणाऱ्याने किती सोसलं याला इथे किंमत नव्हती. इथे बोंबलायला हवं होतं.

"गावाला एकटी असते," समीक्षा म्हणाली. "आता माझ्याकडे आहे. तिला परत जायचंय."

"तपासू. दुसरा पाय बघू, त्याला जखम नाही." त्याने उजव्या पायाला पट्टी बांधली आणि खणातून पेनासारखी एक दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा एक ताठ धागा होता, घोड्याच्या केसाएवढा. समीक्षाने हे वाचलं होतं. तो धागा कातडीवर टेकवून दाबला की दहा ग्रॅमच्या भाराला वाकतो. त्याहून जास्त जोर तो देऊच शकत नाही, हात कुणाचाही असो. इतकं साधं आणि इतकं नेमकं उपकरण पाहून एरवी ती हरखली असती.

"मावशी, डोळे मिटा. मी पायाला हळूच काहीतरी लावीन. लागलं की हो म्हणा. घाई नाही."

आईने डोळे गच्च मिटले. कपाळाला आठ्या पडल्या.

"हाव," ती म्हणाली.

"अजून लावलं नाही, मावशी."

"बरं, बरं. लाव."

धागा अंगठ्यावर टेकला आणि वाकला. समीक्षा त्याच्याकडे रोखून पाहत होती.

"हाव," आई म्हणाली.

डॉक्टरने भुवया उचलल्या. धागा करंगळीखाली टेकला, वाकला.

"हाव."

"अरे वा." तो समीक्षाकडे पाहून हसला. "या पायाला बरं आहे की."

तिच्या छातीत काहीतरी मोकळं झालं. घरचं कुलूप, अंगण, बांधावर काढून ठेवलेल्या चपला, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. धागा पावलाच्या कमानीवर गेला, वाकला, आणि तेव्हा समीक्षाला आपली बोटं दिसली. ती आईच्या तळहाताभोवती आवळली गेली होती. तिने मुद्दाम आवळली नव्हती. धाग्याबरोबर ती आपोआप आवळली गेली होती, पहिल्यापासून, दर वेळी.

"हाव," आई म्हणाली.

आईचा हात आता स्वस्थ होता. त्यात भीती नव्हती. तो ऐकत होता. बांधावर समीक्षाचं पाऊल चाचपणारी ती बोटं, गालिच्यावर उलटी सुलटी फिरलेली ती बोटं, त्यांना अजून सगळं कळत होतं. त्यांनी वाट शोधून काढली होती आणि मिटल्या डोळ्यांनी त्या वाटेने ती दुसरबीडला चालली होती. तपासायच्या आणखी थोड्याच जागा उरल्या असतील. समीक्षाने काहीच करायचं नव्हतं. आत्तापर्यंत करत होती तेवढंच पुरे होतं. डॉक्टर हो म्हणेल, आई पिशवी भरेल, एसटीच्या खिडकीतून हात करेल. आणि मग कधीतरी चुलीपुढचा निखारा, दुसरा एखादा काटा, आणि पांढरी फरशी नाही, कुणी वाकून पाहणारं नाही.

तिने बोटं सैल केली. मग सैल होणंही आईला कळेल म्हणून ती अगदी स्थिर ठेवली, दगडासारखी.

धागा चवड्यावर टेकला. आई थांबली. तिच्या पापण्या थरथरल्या. तिच्या अंगठ्याने समीक्षाच्या हातावर एकदा हळूच घासून पाहिलं, विचारल्यासारखं. समीक्षाने ओठ दाबून धरले आणि भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर पंखा फिरल्याची सावली होती.

"लाव न बापा," आई म्हणाली, डोळे मिटलेलेच होते, "काऊन थांबला?"

डॉक्टरने मान वर केली नाही. धागा तिच्या पावलावर वाकलेला होता.